गायकवाडची तिसरी साक्षीदार

सरोज गायकवाडची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअरला नवीन लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी उतरवून घेतलेल्या बुशांच्या, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांच्या, अख्ख्या लॉटला तिने लाल टॅग बांधला. लाल टॅग म्हणजे माल नापास. मी तणतणत इन्स्पेक्शनच्या काचेच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "अहो बाई, सप्लायर जुना आहे. माल चांगलाच असतो त्याचा." तिने मान वर केली नाही. हातातला मापाचा गेज एका बुशात घातला, काढला, दुसऱ्यात घातला. मग म्हणाली, "माल कशामुळे नापास ते टॅगवर लिहिलंय. वाचलंस का?"

मी वाचलं नव्हतं. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: आतला व्यास जास्त, पन्नासातले एकोणीस नग. मी मुकाट्याने परत आले आणि सप्लायरला फोन लावला.

कारण दिल्याशिवाय ती कशालाच वाईट म्हणत नसे. कॅन्टीनच्या आमटीला कुणी नावं ठेवली तर विचारायची, "खारट झाली की पातळ? नुसतं 'बेकार' म्हटल्यावर आचाऱ्याने काय समजायचं?" नवीन मुलींना सांगायची, "डोळ्याने मोजू नकोस, डोळा सवयीचा गुलाम असतो. गेज लाव." तिच्या लेखी मोठा गुन्हा एकच, न बघता सही. एका मुलीने जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत न तपासताच रिपोर्टवर सही केली, तेव्हा गायकवाड तिच्यावर ओरडली नाही. संध्याकाळची बस सोडून दिली आणि तिच्या शेजारी बसून सगळा लॉट पुन्हा तपासून घेतला. त्या मुलीने नंतर तसं कधी केलं नाही.

वडील पिंपरीत फिटर होते. आई लवकर गेली. धाकट्या भावाचं शिक्षण हिने केलं, आणि तो पुनावळ्याच्या मोठ्या सोसायटीत राहायला गेल्यावर ही कासारवाडीत रुळांजवळच्या वडिलांच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. कुणी हळहळून म्हटलं, "लग्न राहूनच गेलं नाही का तुमचं?" तर ती शांतपणे दुरुस्ती करायची, "राहून गेलं नाही, केलं नाही. दोन्हींत फरक आहे."

कंपनीची बस कासारवाडीहून निघून चिंचवड, निगडी, तळवडे करत चाकणला जाते. ट्रॅफिक असेल तर दीड तास. गायकवाड दुसऱ्या रांगेत खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची. शेजारची सीट रिकामी असायची. बायका तिला घाबरत होत्या असं नाही. वाचणाऱ्या बाईशेजारी बसलं की आपल्याला गप्प बसावं लागतं, हे त्यांना नको होतं. मला गप्प बसायला हरकत नव्हती. नवरा गेल्यापासून आणि मुलगी बंगळूरला नोकरीला लागल्यापासून मला त्याची सवयच होती. त्या सीटवर मी नऊ वर्षं बसले. एकमेकींच्या घरी आम्ही गेलो असू एकदा किंवा दोनदा. त्याला मैत्री म्हणायचं का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना तळवड्याच्या चौकात बस अडकली होती. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "शिंदे, नोंदणी लग्नाला तीन साक्षीदार लागतात."

"कुणाचं लग्न?"

"माझं."

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती, तिने नवऱ्याचं नावही सांगितलं. तळवड्यात सावंत नावाचे गृहस्थ गेज तपासून देणारी छोटी लॅब चालवत. कोकणातले, बायको वारलेली. आमच्या कंपनीचे गेज वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात, आणि ते पोचवायला गायकवाड स्वतः जायची. आम्हाला वाटायचं, कामाची काटेकोर म्हणून जाते.

"दोघं साक्षीदार त्यांच्याकडचे आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडून एक हवी. भाऊ येणार नाही, तो बोलतच नाही माझ्याशी हे ऐकल्यापासून. तू येशील?"

"बघते," मी म्हणाले.

"बघ. नोटीस दिली की महिनाभर थांबावंच लागतं. महिना आहे तुला."

मी का 'हो' म्हणाले नाही, याची बरीच कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. उद्या काही बिनसलं तर आपलं नाव कागदावर. तिचा भाऊ दारात आला तर. या वयात हे कशाला. खरं कारण साधं होतं. मी एकटीने निभावून नेलं होतं, त्याचा मला अभिमान होता, आणि माझ्यासारखीच एक बाई शेजारी बसते याचा मला आधार होता. ती उठून चालली, हे मला आवडलं नाही.

त्याच आठवड्यात असेंब्लीवरच्या वर्षाने मागच्या सीटवरून मान पुढे काढली. लातूरकडची पोर, सव्वीस वर्षांची, बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. "मॅडम, एवढं काय वाचलालाव?"

"केतकी नावाच्या मुलीची कादंबरी आहे," गायकवाड म्हणाली. "दहा वर्षांत ती तिघांच्या प्रेमात पडते."

मागची सगळी बस जागी झाली. "तिघांच्या? एकाच टायमाला?"

"नाही गं. एकानंतर एक."

"म्हंजी शिफ्टवारी," हाउसकीपिंगच्या मोरे मावशी म्हणाल्या, आणि ड्रायव्हरसकट सगळे हसले. गायकवाडही हसली. तिला मोठ्याने हसताना मी क्वचितच बघितलं होतं.

पुस्तक बसमध्ये फिरायला लागलं. एकीला तीन दिवस, मग पुढचीला. आठवडाभरात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, स्वतःच्या पगारावर राहणारी मुलगी आहे, तिने कुणावर जीव टाकायचा ते तिचं ती बघेल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, असली पुस्तकं छापतात म्हणून पोरी बिघडतात. निगडी ते तळवडे नुसता कल्ला. शेवटी गायकवाडने पर्समधून जुन्या टॅगचा गठ्ठा काढला. काम कॉम्प्युटरवर गेल्यावर ते रद्दीत निघाले होते. ती ते पुस्तकात खुणेला वापरायची. म्हणाली, "ओरडू नका. आवडलं तर हिरवा, नाही तर लाल, ठरत नसेल तर पिवळा. खाली कारण लिहायचं आणि पुस्तकात ठेवायचं. कारण नसेल तर टॅग मोजणार नाही."

या बायका आपल्या लग्नाला काय म्हणतील ते ती चाचपत होती, आणि हे बसमध्ये फक्त मला माहीत होतं. नोटीस लागलेली होती. रोज संध्याकाळी ती नवा टॅग काढून वाचायची, आणि मी पलीकडच्या खिडकीबाहेर बघायची.

वर्षाने हिरवा लावला: 'ती सोडून जाते, पण दर वेळी समोर बसून सांगून जाते. पळून जात नाही.' मोरे मावशींना वाचता येत नव्हतं. वर्षाने जेवणाच्या सुट्टीत त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि त्यांनी तिच्याकडून पिवळ्यावर लिहवून घेतलं: 'पोरगी वाईट न्हाई. पर आजारपणात तिला पाणी कोण देनार, त्ये लेखकानं सांगितलंच न्हाई.' गायकवाडने तो टॅग दोनदा वाचला आणि म्हणाली, "याला म्हणतात तपासणी." पेरोलमधल्या एकीने लाल लावला: 'घरात कॉलेजातली मुलगी आहे, म्हणून पुस्तक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवावं लागलं.' गायकवाड म्हणाली, "हे कारण पुस्तकाचं नाही, ड्रॉवरचं आहे. पण राहू दे."

मग पुस्तक माझ्याकडे आलं. पहिली चाळीसेक पानं वाचली, कंटाळले, शेवटची चार वाचली. केतकी भाड्याच्या घरात एकटी चहा पीत बसलेली. मला वाटलं, काय व्हायचं होतं ते कळलं. मी लाल टॅगवर लिहिलं: 'तिसराही शेवटी सोडून जातो. तीनदा ठेच लागून जिला शहाणपण येत नाही, तिची गोष्ट लोकांनी का वाचावी?' लिहिताना बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये गायकवाडने तो वाचला. टॅग पुस्तकात परत ठेवला. भोवती बायका होत्या, म्हणून ती अगदी हळू बोलली.

"तिसरा तिला सोडून जात नाही, शिंदे. ती त्याला सोडते. दोनशेव्या पानाच्या आसपास सगळं आहे."

मी म्हणाले, "तेच ते. शेवटी एकटीच ना?"

"तेच ते नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आणि माझ्या कामाचं?"

"बघते म्हणाले ना."

"हं," ती म्हणाली आणि पुस्तक वर्षाकडे पाठवून दिलं. ते मोरे मावशींना पुन्हा ऐकायचं होतं.

दोन आठवडे गेले. ती रोज माझ्या शेजारी बसत होती, नेहमीसारखंच बोलत होती. मी ठरवलं होतं की पुन्हा विचारलं तर 'हो' म्हणायचं. तिने विचारलं नाही. एका सोमवारी बसमध्ये चढले तर वर्षा पेढे वाटत होती. "घ्या मॅडम, गायकवाड मॅडमच्या लग्नाचे! मी गेल्ते ना शनिवारी हाफ डे टाकून. सही केले. साहेब लई भारी हैत."

मागून मोरे मावशी म्हणाल्या, "व्हय, आन् ह्या नवरीनं फारम चार बारी वाचला म्हनं, रजिस्टरवाला कावला!" बस हसत होती. गायकवाड नवी साडी नेसून खिडकीशी बसली होती. गळ्यात काहीही नव्हतं, हातात पुस्तक होतं. मी शेजारी बसले. पेढा हातात तसाच होता.

"मला पुन्हा विचारलं नाहीस," मी म्हणाले.

"एकदा विचारलं होतं."

"राग आला?"

तिने खरोखर विचार केला. कुठल्याही प्रश्नावर ती तसा विचार करायची. "राग नाही आला. मला वाटत होतं, तुझ्याशिवाय मला विचारण्यासारखं दुसरं कुणी नाही. मग वर्षाला विचारून बघितलं. ती 'कधी' एवढंच म्हणाली." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "खा गं. चुरतोय."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मॅनेजरने भाषणात तिला 'क्वालिटीची आई' म्हटलं, त्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "याला कारण विचारायला हवं." शेवटचं हसलो ते तेव्हा. ती तळवड्याला राहायला गेली. बस रोज तिथूनच जाते. तिने पत्ता दिला होता, 'ये' म्हणून सांगितलं होतं. मी गेले नाही. पहिल्या महिन्यात कामं होती. नंतर, इतके दिवस का आली नाहीस याला काय सांगायचं, हा प्रश्न होता. वर्षा जाते. कधी कधी त्यांच्याकडची सोलकढी बाटलीतून आणते आणि मागच्या सीटवर वाटते. माझ्यापर्यंत बाटली येते तेव्हा मी एक घोट घेते आणि पुढे देते.

कादंबरी मी नंतर विकत घेऊन पूर्ण वाचली. मला आजही ती फारशी आवडलेली नाही. मधला भाग रेंगाळतो, आणि केतकी हट्टी आहे. पण तिसऱ्याला सोडते ते प्रकरण चांगलं आहे. हे ऐकायला गायकवाड हवी होती. इतरांना त्यात रस नाही.

मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूच, फार काही नाही. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "सोबत येणाऱ्या माणसाची इथे सही लागेल. इथलंच कुणी असलं तर बरं." मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. मागे रांग वाढली. सगळे ओळखीचे आठवून बघितले, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. फोन नंबरही पाठ होता.

मी बंगळूरला माझ्या मुलीला फोन केला. ती विमानाने आली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परत गेली.