पहिली सही मानाची

दोष वासुदेवभाऊंचा. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या खाणविरोधी गटात हे कोणी बोलत नाही. रिटायर्ड हेडमास्तर, सत्तरी ओलांडलेले, म्हणून सगळे गप्प. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला, मला कसली भीड! सर आत गेल्यापासून असे किस्से इतके साचलेत की चहाला बसलं की एक तरी निघतोच. हसतो, आणि मग चहा कोणीच संपवत नाही.

*

सर म्हणजे रामटेके सर. नागपुरात कलेचा इतिहास शिकवायचे. गडचिरोलीच्या जंगलात मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले गोंडांचे दगड बघायला आले आणि अडकले. घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले दगड. त्यावर ओला कागद थापायचा, वरून शाई, की कोरीवकाम कागदावर उतरतं. तो ठसा. तिथे खाण येणार कळल्यावर सरांनी नोकरी सोडली आणि तेच ठसे गावाच्या वनहक्क दाव्याला पुरावा म्हणून जोडले.

दाव्यावर गावातली जुनीबाई अंगठा लावायला निघाली. तिच्या नवऱ्याचा दगड सात नंबरचा.

"अंगठा नाही बाई, सही," सर म्हणाले.

"मले येत नाई जी."

"येईपर्यंत थांबतो."

ती सही शिकेपर्यंत दोन दिवस थांबले. फॉर्म भरायची मुदत हुकता हुकता राहिली!

*

आमच्या मिटिंगा चंद्रपूरला, भाऊंच्या शिकवणीच्या खोलीत. भाऊंचा नियम, आधी हजेरी. नाव, गाव, मोबाईल, सही. पहिली सही मानाने सरांची.

"भाऊ, हे कायले पाह्यजे?" मी विचारलं.

"आपण चोर आहो का? लपवाचं काय?"

आणि खाणीविरुद्धच्या निवेदनाला भाऊंनी अख्ख्या रजिस्टरची झेरॉक्स जोडली. कलेक्टर ऑफिसात स्वतः नेऊन दिली. वर शिक्क्याची पोच घेतली!

महिनाभरात पोलीस आले ते तीच झेरॉक्स घेऊन. पहिली सही ज्याची, तो म्होरक्या. बंदी असलेल्या संघटनेचा, म्हणे.

*

घरझडतीत ठसे निघाले. पोलीस साहेबांनी एक उजेडात धरला.

"हा रस्ता कुठी जाते?"

"ती घोड्याची शेपटी आहे," सर म्हणाले.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'संशयास्पद नकाशे'.

*

जेलमध्ये शेजारच्याने विचारलं, "कोन्या केसमंदी आले जी?"

"दगडाच्या."

"किती फेकले?"

"एकही नाही. कागद लावले."

तो जरा लांब सरकून बसला. हा किस्सा सर स्वतः सांगतात, न हसता.

*

अटकेच्या निषेधाची मिटिंग ठेवली. एरवी खोलीत बसायला जागा नसायची. त्या दिवशी तिघे, त्यात मी आणि भाऊ. मी टेबलावर हजेरीसाठी कोरी वही ठेवली.

भाऊंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "आज राहू दे रे."

*

जामीन झाला तो अटींवर. गडचिरोलीत पाय ठेवायचा नाही, दर सोमवारी चंद्रपुरात ठाण्यात हजेरी. म्हणून जुनीबाईच वैनगंगेचा पूल ओलांडून अलीकडे, चंद्रपूरच्या हद्दीत आली. मी सरांना गाडीवर घेऊन गेलो होतो. तिने पिशवीतून गुंडाळी काढली. नवऱ्याच्या दगडाचा ठसा, तिने स्वतः घेतलेला. शाई फासलेली, कडा फाटलेल्या.

"मशीन आली जी. दगड पाडून राह्यले. हा आज सकाळी, पडाच्या आधी घेतला."

सरांनी तो पुलाच्या कठड्यावर पसरला. "घोडा चांगला आलाय," म्हणाले. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात गाव, नंबर, तारीख आणि खाली सही, ही त्यांचीच शिस्त. गाव, नंबर, तारीख त्यांनी लिहिली आणि थांबले.

"सही करा ना जी. तुमच्या सहीबिगर कोन मानते?"

सरांनी पेन खाली ठेवलं. ठशाच्या अजून ओल्या शाईवर अंगठा घासला आणि कोपऱ्यात दाबला.

जुनीबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं आणि त्याच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, सावकाश.

सर आता सोमवारी ठाण्यात सही करतात. दुसरीकडे कुठेच नाही.