छोटा दांडा

शोरूममध्ये त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘फोरबाय’, म्हणजे फोर-बाय-फोर, चारही चाकांना जोर असलेली गाडी. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींना ते ओ देत. वय अठ्ठावन्न, अंगकाठी किरकोळ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. वर्षानुवर्षं खिडकीच्या कडेवर कोपर टेकून गाडी चालवली की माणसाचा आकार गाडीप्रमाणे बदलतो, गाडीचा माणसाप्रमाणे बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शोरूमच्या मागे अर्धा एकर मोकळी जागा होती. तिथे काकांनी स्वतः दोऱ्या लावून, उभं राहून खणून घेतलेला ट्रॅक होता. एक टेकाड, त्याचा चढ इतका उभा की समोरच्या काचेत फक्त आभाळ उरावं. एक कलता बांध, ज्यावर गाडी आडवी चालली की खालच्या बाजूला बसलेला माणूस आपोआप दाराला धरायचा. एक चिखलाचा चर. आणि दगडांच्या तीन पायऱ्या. गिऱ्हाईक आलं की त्याला शेजारी बसवायचं, चौफेर फिरवायचं आणि जिवंत परत आणायचं, एवढंच काकांचं काम. नेमणुकीच्या कागदावरही तेवढंच लिहिलं होतं.

शोरूममध्ये विकायला असलेली ही गाडी त्यांनी तीन अवतारांत पाहिली होती. पहिली हातात आली ती जमीन मोजणीच्या खात्यात ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा. ताडपत्रीचं छप्पर, सपाट काच, मागे समोरासमोर दोन फळ्या. फळ्यांवर मोजणीची माणसं आणि त्यांच्या मांडीवर मोजणीची अवजारं. दार लावायचं म्हणजे एक समजूत होती. वारा, धूळ आणि माश्या आपापल्या वाटेने येत-जात. चारही चाकांना जोर द्यायचा तर ड्रायव्हरने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची चकती हाताने फिरवायची, मग परत चढून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. एवढं करेपर्यंत मागच्यांचं बोलून व्हायचं. “ड्रायव्हरसाहेब, गाडी चालू करताय की कुलूप उघडताय?” ड्रायव्हरसाहेब चिखलातून बूट उपसत परत चढत.

दुसरा अवतार बारा वर्षांनी आला. पत्र्याचं छप्पर, स्टीअरिंग बोटाने फिरणारं, चकत्या गेल्या, बसल्या जागेवरून सगळं. खात्यातले जुने लोक म्हणाले, गाडीत आता दम राहिला नाही. म्हणणारे सगळे पुढच्या सीटसाठी भांडत.

तिसरा अवतार म्हणजे ही शोरूममधली. पाच दारं, गारेगार हवा, सहा ठिकाणी अपघातात फुगणाऱ्या पिशव्या, मधोमध टीव्हीसारखी काच. लांबीला जराशी वाढली, तरी गल्लीत वळायला अजून मुठीएवढी. आतला सांगाडा मात्र तसाच, शिडीसारखा, लोखंडी. आणि छोटा दांडा जागच्या जागी. कंपनीने सगळं बदललं आणि दांडा ठेवला, याचं काकांना समाधान होतं. इतर गाड्यांमध्ये त्याचं बटण झालं होतं. बटणाबद्दल काका बोलत नसत.

अडचण वेगळीच होती. ती विक्रीवरच्या मुलीने एका सोमवारी चहाच्या वेळी सांगितली. ती चोवीस-पंचवीसची, बोलण्यात चटपटीत, काकांची लाडकी आणि त्यांची सर्वांत कडक परीक्षक.

“काका, रागावणार नसाल तर सांगते.”

“म्हणजे रागावण्यासारखं आहे.”

“तुमच्या ट्रॅकवर गेलेल्या दहा जणांतले तीन गाडी घेतात. न गेलेल्या दहांतले सहा घेतात.”

काकांनी कप खाली ठेवला. “हिशेबात चूक असेल.”

“तीनदा केला. परवा ते जोडपं आठवतंय? कलत्या बांधावर त्या बाईंनी डोळे मिटले. उतरल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, आपल्याला असल्या ठिकाणी जायचंच नाही, तर गाडी तरी कशाला?”

“अगं, पण गाडीला काय काय जमतं ते दाखवायला नको?”

“जमतं एवढं माहीत असलं की पुरतं हो लोकांना. बघायचं नसतं. पोहता येणारा नवरा हवा असतो, त्याच्याबरोबर समुद्रात कोण उडी मारतं?”

काका हसले, पण कप पुन्हा उचलला नाही. कारण त्याच आठवड्यात शोरूमच्या मालकीणबाई मागच्या जागेत टेप घेऊन हिंडताना दिसल्या होत्या. तयार गाड्या गिऱ्हाइकाच्या हाती देताना पुढचा रस्ता अडतो, म्हणून मागे सपाट काँक्रीटचं अंगण करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “तीन महिने बघू,” त्या म्हणाल्या. “ट्रॅकमुळे गाड्या खपतायत असं दिसलं तर राहील. नाहीतर काका, मला दुसरं काम तुमच्यासाठी नाही. धुलाईवर तुम्हाला पाठवणं मला बरं वाटणार नाही.”

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “घरी बसलात तर पहिल्या आठवड्यात माझं स्वयंपाकघर मोजाल,” ती म्हणाली, “आणि दुसऱ्या आठवड्यात ओटा हलवाल. तेव्हा काय करायचं ते तिथेच करा.”

काकांनी ट्रॅक सौम्य केला. टेकाडाचा माथा हातभर उतरवला, बांधाचा कल कमी केला. आणि बोलणं बदललं. आधी ते चढावर गप्प असायचे, आता धीर द्यायला लागले.

शाळेतल्या बाई आल्या त्या याच दिवसांत. चाळिशीच्या, गणित शिकवणाऱ्या, प्रश्न विचारून उत्तर लिहून घेणाऱ्या. सोबत सासूबाई. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागे. त्यांनी शोरूममधल्या चार गाड्यांत बसून पाहिलं होतं. बुटक्या गाडीत त्या पडल्यासारख्या बसत आणि उठताना दोघांनी ओढावं लागे. उंच गाडीत चढायला शिडी हवी होती. या गाडीची सीट बरोबर त्यांच्या कमरेला आली. त्यांनी पाठ टेकवली, जराशा सरकल्या, पाय आत घेतले.

“झालं?” सूनबाईंनी विचारलं.

“झालं. गाडी हीच. आता बाकीचं तुम्ही बघा.”

बाकीचं म्हणजे काका. सासूबाई शोरूममध्ये बसल्या आणि काकांनी बाईंना ट्रॅकवर नेलं. टेकाडाच्या पायथ्याशी त्यांनी छोटा दांडा मागे ओढला. समोरच्या पट्टीवर एक हिरवा दिवा लागला. बाईंनी दाराची मूठ घट्ट धरलेली पाहून काका म्हणाले, “हा दांडा मागे असला ना, की घाबरायचं काही कारण नाही. चारही चाकं तुमच्या बाजूने.” गाडी वर गेली, खाली आली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी घेतली. विक्रीवरच्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात चावी दिली, फोन जोडून दिला, गाणी कशी लावायची, दारं कशी लॉक करायची ते सांगितलं. फुलं दिली, फोटो काढला. बारा मिनिटं लागली. ट्रॅकच्या खात्यात एक विक्री जमा झाली म्हणून काका दिवसभर खुशीत होते.

दोन महिन्यांनी बाई परत आल्या त्या तक्रार घेऊन. गाडी वळताना अडते. दवाखान्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तर धक्के देते, टायर कुरकुरतात, सासूबाई म्हणतात कुणी मागून धरलंय का बघ. मेकॅनिकने पुढची चाकं तपासली, स्टीअरिंग तपासलं, काही सापडेना. काका बाजूला उभे होते. बाई गाडी वळवून आत घेत असताना त्यांनी फक्त टायरकडे पाहिलं. आतल्या बाजूचं चाक फिरता फिरता अडून छोटीशी उडी मारत होतं. मोजणी खात्यातल्या नव्या पोरांच्या हातून त्यांनी हे शंभरदा पाहिलं होतं. चिखलातून सडकेवर आल्यावर दांडा परत करायचा विसरला की गाडी अशीच रुसते. वळणावर पुढची चाकं मोठ्या फेऱ्याने जातात, मागची लहान, आणि दांड्याने दोघांना एकत्र बांधलेलं असतं. चिखलात चाक जरा घसरून घेतं. कोरड्या सडकेवर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण आतल्या दात्यांवर.

त्यांनी वाकून आत पाहिलं. दांडा मागे होता. हिरवा दिवा लागलेला होता.

“बाई, हा कधीपासून असा आहे?”

“पहिल्या दिवसापासून.” बाईंना प्रश्नच कळला नाही. “तुम्हीच म्हणालात ना, मागे असला की घाबरायचं कारण नाही. आणि दिवाही हिरवा आहे. लाल असता तर मी विचारलं असतं.”

त्यांनी वही काढून दाखवली. तारीख होती, वेळ होती, आणि काकांचं वाक्य जसंच्या तसं होतं. गणिताच्या बाईंनी त्यात अर्ध्या शब्दाचीही भर घातली नव्हती.

मालकीणबाईंच्या खोलीत काच लावलेलं टेबल आणि तीन खुर्च्या होत्या. त्यांनी सेवा विभागाचा कागद वाचला. चारही टायर बदलायचे, आतली दात्यांची पेटी उघडून बघायची, सगळं शोरूमतर्फे. मग त्यांनी विक्रीवरच्या मुलीला बोलावलं. गाडी हाती देण्याच्या कागदावर तिची सही होती.

“दांड्याबद्दल त्यांना काय सांगितलंस?”

दांड्याबद्दल तिने कुणालाच कधी काही सांगितलं नव्हतं, कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. बारा मिनिटांच्या यादीत फोन होता, गाणी होती, दांडा नव्हता.

काका दारात होते. मध्ये पडायची त्यांना काही गरज नव्हती. कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं, बाई वही घेऊन केव्हाच घरी गेल्या होत्या, आणि तीन महिन्यांची मुदत संपायला अकरा दिवस उरले होते. शाळेतल्या बाईंची विक्री धरून ट्रॅकचे आकडे पहिल्यांदाच बरे दिसत होते.

“तिने काही सांगितलं नाही,” काका म्हणाले. “सांगितलं ते मी. अर्धंच सांगितलं. मागे घ्या म्हणालो, पुढे कधी ढकलायचा ते बोललोच नाही.”

“का नाही बोललात?”

“त्या घाबरल्या होत्या. गाडी विकली जायला हवी होती.”

मालकीणबाईंनी मुलीला जायला सांगितलं. काकांना बसा म्हणाल्या, पण ते उभेच राहिले. त्यांनी कागदाची घडी घातली.

“काका, आजवर ट्रॅकवर किती माणसं नेलीत?”

“नऊशेच्या वर.”

“त्यांतल्या किती जणांना हा दांडा पुढे कधी करायचा ते माहीत असेल?”

काकांनी विचार केला. खोटं बोलायचं तर आकडा सुचत नव्हता. “माझ्या शेजारी बसून कळत नाही ते,” ते म्हणाले. “चालवतो मीच.”

ट्रॅक एक तारखेला गेला. दोन दिवस यंत्र चाललं. टेकाड चरात ढकललं, दगडांच्या पायऱ्या कुणीतरी बागेसाठी मागून नेल्या. काका त्या दोन दिवसांत रजेवर गेले नाहीत आणि मागच्या दारातही गेले नाहीत. काँक्रीटला वाळायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत त्यांनी विकलेल्या गाड्यांची यादी घेऊन एकेका मालकाला फोन केला. प्रश्न एकच, समोर दिवा लागलेला आहे का. सतरा जणांनी आहे म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाने वर बजावलं, “हिरवा आहे, काळजी करू नका.” एका गृहस्थाला दांडा म्हणजे हँडब्रेक वाटत होता. विक्रीवरची मुलगी शेजारच्या टेबलावरून ऐकत होती.

“काका, सतरा.”

“ऐकलं.”

“मी असते तर मोजले नसते.”

“तू असतीस तर तुला एकही सापडला नसता. तुझं बोलणं कुणी लिहून घेत नाही.”

यादी मालकीणबाईंच्या टेबलावर गेली. त्यांनी ती वाचली, सतराही जणांना गाडी तपासायला बोलवा म्हणून खाली लिहिलं, आणि गाडी हाती देण्याच्या कागदावर दांडा समजावून दिल्याच्या सहीसाठी एक नवी ओळ छापून घेतली. ती सही काकांची. बारा मिनिटांची पस्तीस झाली. “धुलाई नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी उत्तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणून सांगितलं, घरी जाऊन बायकोला विचारलं, आणि तिने, “विचारताय काय, जा,” म्हटल्यावर गेले.

नव्या अंगणातली पहिली गाडी एका तरुण दाताच्या डॉक्टरची होती. त्याने ती का घेतली, तर घराच्या वाटेवर गतिरोधक फार आणि पार्किंग चिंचोळं. डोंगर त्याने चित्रातच पाहिलेले. मुलीने फोन जोडून दिला आणि बाजूला झाली. काका या वेळी शेजारच्या सीटवर बसले.

“दांडा मागे ओढा.”

डॉक्टरने ओढला.

“आता स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि हळू एक फेरी मारा.”

कोऱ्या, सपाट, कोरड्या काँक्रीटवर गाडी वळायला लागली आणि पाव फेरीत कुरकुरली. चाकाने उडी मारली. डॉक्टरने दचकून ब्रेक दाबला.

“काहीतरी बिघडलंय. नवी गाडी आहे हो ही.”

“बिघडलेलं नाही. पाय उचला. आणखी थोडी फिरवा.”

“आवाज येतोय.”

“ऐका तो.”

आणखी चार हात गेल्यावर डॉक्टर स्वतःच थांबला. दात दुखणाऱ्या माणसाचा चेहरा त्याला ओळखीचा असावा. गाडीकडे त्याने तसंच पाहिलं. “हिला हे आवडत नाहीये,” तो म्हणाला.

“आता पुढे ढकला आणि तीच फेरी मारा,” काका म्हणाले.

गाडी लोण्यासारखी वळली. डॉक्टरने न सांगता दुसरी फेरी मारली, मग दांडा पुन्हा मागे घेऊन तिसरी, अर्धी. काकांनी कागदावर सही केली. त्याखाली डॉक्टरची घेतली आणि वेळ लिहिली. मग उतरून त्यांनी काँक्रीटवर उमटलेले टायरचे काळे पट्टे पाहिले. दांडा मागे असतानाचा ठसा जाड होता, पुढे असतानाचा दिसतही नव्हता.

“रोज असेच डाग पडणार का?” मालकीणबाईंनी खिडकीतून विचारलं.

“रोज,” काका म्हणाले.

मालकीणबाईंनी खिडकी लावून घेतली. बाहेर पुढची गाडी धुऊन पुसून तयार उभी होती.