अर्थ सांगायला बसलो तेव्हा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी आजही अभिमानाने सांगतो. पण स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, त्या साली त्या पदवीचं करायचं काय, हेच मला कळत नव्हतं. लेखक व्हायचं म्हणून वर्ध्याची कचेरीतली नोकरी नाकारून मी देवळीजवळच्या आमच्या गावी येऊन बसलो होतो. तीन कथा पाठवल्या, तिन्ही परत आल्या. तिसरीसोबत संपादकांची एक ओळ होती, की भाषा उत्तम आहे, पण माणसं दिसत नाहीत. मी ठरवून टाकलं, मायचा नवस फिटला की पुलगावला कुठेतरी कारकुनी धरायची आणि लिहिणं कायमचं सोडायचं. देवावरही रुसलो होतो. मला इतकं शिकवलंस तरी कशाला, असं मनातल्या मनात त्याला विचारायचो.

मी बी.ए. झालो तर श्रावणात घरी पोथी लावीन, असा मायचा नवस होता. आमच्याकडे पोथीला दोन माणसं लागतात. एक ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. अर्थ सांगितला नाही तर पोथी देवाला पोचत नाही, असं जुनी माणसं मानतात. वाचायला मामा होते. अर्थ सांगणारे गुरुजी नेमके समाप्तीच्या दिवशी तापाने पडले.

"घरात बी.ए. असतानी दुसरा काऊन धुंडता?" मामा म्हणाले, आणि मी ऐटीत पाटावर बसलो.

पावसाची झड लागली होती, शेतातली कामं बंद, म्हणून भर दुपारी घर माणसांनी भरलं होतं. नाल्याच्या पुरामुळे गावात अडकलेली एक अनोळखी कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन दाराशी टेकली होती. पोथीतला प्रसंग साधाच होता. देव भुकेला होऊन एका गरीब भक्तिणीच्या दारी येतो. मी सुरू झालो, "परमेश्वराचे हे सगुण प्राकट्य म्हणजे भक्ताच्या अंतःकरणाची कसोटीच होय..." असा चांगला अर्धा तास बोललो.

"अवं बाई," कासारीण म्हणाली, "आता या अर्थाचा अर्थ कोन सांगन?"

सगळे हसले. माझे कान तापले. "मी बी.ए. आहे," मी म्हणालो.

"असशीन ना बापा. पन मायले भाकर मांगतानी बी असाच बोलतं का?"

मी मायकडे पाहिलं. ती हसत नव्हती. हात जोडून बसली होती. चेहऱ्यावर कौतुक होतं, पण कळल्याची खूण कुठेच नव्हती. माझ्या कथाही ती अशीच ऐकायची. माझं अवसानच गेलं. डोळे मिटून म्हणालो, देवा, मला हे जमत नाही. नवस मायचा आहे, तूच फेडून घे.

मामांना ती ओवी पुन्हा वाचायला सांगितली आणि मायकडे बघून बोलू लागलो. "माय, देव दारात उभा होता. वल्लाचिंब. म्हने, बाई, भूक लागली. अन् घरात त चिमूटभर पीठ नाई. तिले वाटलं, आता या पाहुन्याले काय सांगू?"

"चूल पेटव म्हन तिले," माय एकदम बोलली. "धूर दिसला का पाहुन्याले धीर येते."

या वेळी कोणी हसलं नाही. बायका पुढे सरकून बसल्या. समाप्तीपर्यंत मी बोलत राहिलो. शब्द शोधावे लागले नाहीत.

सकाळी पूर ओसरला. कासारणीच्या पाया पडायला नाल्यावर धावलो, तर ती पलीकडच्या पांदणवाटेला लागली होती. त्याआधी ती गावात कधी आली नव्हती, नंतरही आली नाही. ती कोण होती, हे मी सांगणार नाही, मला ते माहीतही नाही. मी फक्त हात जोडतो.

त्या आठवड्यात आमच्याच आळीतल्या एका पोरीची गोष्ट लिहिली आणि पाठवण्याआधी मायला वाचून दाखवली. ती गहू निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मी पाणी प्यायला उठलो, तर म्हणाली, "बस ना. त्या पोरीचं काय झालं थे सांग, मंग पेजो पानी."

मी बसलो. पुढे ती गोष्ट छापून आली, आणखीही आल्या. पण मी लेखक झालो तो त्या तहानेल्या क्षणी. मला काहीच येत नाही असं कबूल केलं, तेव्हा कुठे माझं शिक्षण देवाने मायच्या कामी लावलं. त्याचे हे उपकार फेडावेत असं मला वाटत नाही. त्या ओझ्याखालीच मला राहू दे.