नमुन्याचा फोटो

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ठोकळे म्हणतात. आडनाव नव्हे ते. वेबसाइट म्हणजे ठोकळ्यांवर ठोकळे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, म्हणून पडलेलं नाव. मी त्याच्या समोरच्या टेबलावर बसते आणि त्याच्या ठोकळ्यांत मजकूर भरते. तो मला लेखिकाबाई म्हणतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा, कारण मजकूर चार ओळी जास्त झाला, फोनवर मावत नाही, यापलीकडे त्याला माझ्या लिखाणाचं काही पडलेलं नसायचं.

त्याचा सगळ्यात चांगला ठोकळा दिसायला अगदी साधा. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर. मोठ्या स्क्रीनवर दोन्ही शेजारी-शेजारी, फोनवर फोटो वर आणि मजकूर खाली. एकदा नीट बनवला की दंतवैद्यापासून पडदेवाल्यापर्यंत कुणाच्याही साइटवर लावायचा. मालकांना वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. यानं तीन आठवडे घेतले. स्क्रीन अरुंद झाली की फोटो कडेनं कापला जातो, आणि कापायची वेळ आली की नेमकं माणसाचं डोकंच उडतं, हे त्याला खपत नव्हतं. तपासायला फोटो हवा म्हणून त्यानं स्वतःच्या फोनमधला बायकोचा घेतला. घर रंगवताना ती शिडीवर बसलीय, हातात ब्रश, कोपराला रंग, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी ऐकवता ऐकवता हसतेय. ऑफिसातले सात-आठ फोन टेबलावर मांडून तो बघत बसायचा. शिडी कापली जायची, ब्रश जायचा, चेहरा मात्र प्रत्येक फोनवर शाबूत.

नमुन्याचा फोटो म्हणून तोच आत राहिला. ज्या गिऱ्हाइकानं स्वतःचा फोटो दिला नाही, त्याच्या साइटवर आमच्या वहिनी. गिऱ्हाइकं इतकी आळशी, की बघता बघता अशा एकतीस साइट झाल्या. वहिनी ऑफिसात फोन करून विचारायच्या, आज मी काय विकतेय?

त्यात एका हॉस्पिटलची साइट आली. 'बरे झालेले रुग्ण' असं त्यावर एक पान होतं. व्यवस्थापक म्हणाला, खरे फोटो आणि अनुभव पाठवतो, तोवर नमुना टाका. नमुना मी लिहिला. 'सहा महिन्यांपूर्वी मी आशा सोडली होती. इथल्या डॉक्टरांनी मला परत उभं केलं. आज मी पूर्ण बरी आहे.' दहा मिनिटांत लिहून मी चहाला गेले. शेजारी कुणाचा फोटो आहे हे बघितलंही नाही. तो चेहरा इतका सवयीचा झाला होता, की दिसेनासा झाला होता. व्यवस्थापकानं पुढे काहीच पाठवलं नाही, आणि पान तसंच लोकांसमोर गेलं. यात माझी चूक सगळ्यात मोठी, हे मी आधीच सांगून टाकते.

वर्षभरानं वहिनींच्या पोटात गाठ निघाली. उपचार त्याच हॉस्पिटलात, कारण शहरात त्या आजारासाठी दुसरं नव्हतंच. तपासणीसाठी बाकावर ताटकळत असताना डॉक्टरांची वेळ बघायला वहिनींनी साइट उघडली, आणि तिथं त्या स्वतःच होत्या. हसऱ्या, पूर्ण बऱ्या झालेल्या. ठोकळे शेजारीच बसला होता. आत्ताच्या आत्ता काढतो म्हणून तो उठला, तर वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी बरी झाले की खरंच होणार आहे ते. मग काढायचं कशाला?"

त्या दिवसापासून तो फोटो काढणं म्हणजे तिच्या मरणाला होकार देणं, असं त्याच्या डोक्यात बसलं. मी एकदा चाचरत म्हटलं, निदान मजकूर तरी बदलू या. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. खोटं आहे हे आम्हां दोघांनाही कळत होतं आणि दोघंही गप्प बसलो. वहिनींचे केस गेले, मग वजन, शेवटी आवाजही. आठव्या महिन्यात त्या गेल्या. फोटो तिथंच राहिला.

त्याला आता महिना झाला. काल हॉस्पिटलातून वहिनींचे रिपोर्ट आणायचे होते. त्याचे पाय तिकडे वळेनात, म्हणून मी सोबत गेले. कागद मिळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. शेजारी पन्नाशीची एक बाई होती. तिची धाकटी जाऊ आत तपासणीला गेली होती, आणि हिला बोलायला कुणीतरी हवंच होतं. जाऊ यायलाच तयार नव्हती म्हणे. जे व्हायचं ते घरातच होऊ दे, म्हणून हटून बसली होती. मग हिनं तिला हॉस्पिटलच्या साइटवरचा एक फोटो दाखवला, तेव्हा कुठं ती उठली. हे सांगत बाईनं फोन आमच्यापुढे धरला.

फोनची काच कोपऱ्यात तडकलेली, स्क्रीन एवढीशी. शिडी दिसत नव्हती, ब्रश दिसत नव्हता. चेहरा अगदी मधोमध.

"हिलाही हेच झालं होतं," बाई म्हणाली. "आणि आता बघा, कशी हसतेय."

ठोकळे फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी बायको आहे ही."

बाईचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"खरंच? कशी आहे हो आता?"

"बरी आहे," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मला राग आला होता, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ऑफिसात येताच त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि मूळ ठोकळ्यातूनच फोटो काढून टाकला. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, हीच त्या ठोकळ्याची खुबी. एकतीस साइटवरून वहिनी मिनिटभरात गेल्या आणि त्यांच्या जागी करडे चौकोन आले. हॉस्पिटलच्या पानावरचा माझा मजकूर मी पुसला. मग तो टेबलावर डोकं टेकून रडला, महिन्याभरात पहिल्यांदाच. मालक केबिनमधून बाहेर आले आणि बघून परत आत गेले. योग्य तेच झालं, असं मी संध्याकाळपर्यंत स्वतःला समजावत होते.

आज सकाळी हॉस्पिटलच्या साइटवरून एक निरोप आला. ते निरोप माझ्याकडेच येतात. 'त्या हसणाऱ्या ताईंचा फोटो दिसत नाही. काल त्यांचे मिस्टर भेटले होते, बरी आहे म्हणाले. माझी जाऊ कालपासून सारखी विचारतेय, त्यांना काही झालं तर नाही ना? उद्या सकाळी तिचा पहिला उपचार आहे. येणार नाही म्हणतेय. कृपया लगेच कळवा.'

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं दोनदा वाचलं.

"तुम्ही लिहा काहीतरी," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

दुपारचे चार वाजलेत. मी अजून एक शब्दही लिहिलेला नाही.