पाच हजार झाले की घरी

कोंडाजीकाकांसारखा हिशेबी माणूस आमच्या खारेपाटात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं.

काका मुंबईच्या गोदीत ओझी वाहायचे. पंचेचाळिशीला नोकरीला रामराम ठोकायचा, गावी येऊन ओटीवर बसायचं आणि राहीकाकूच्या हातचं गरम जेवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी नवराबायको सलग महिनाभर एका घरात राहिली नव्हती. मूलबाळही नव्हतं.

आपला हिशेब ते भेटेल त्याला ऐकवीत. तांदूळ शेतातला, मासळी खाडीची. विकत घ्यायचं ते तेल-मीठ, कापडचोपड आणि औषध. महिन्याला वीस रुपये धरा. पासष्टाव्या वर्षी वर जायचं, म्हणजे पाच हजार पोस्टात पडले की सुटलो. काकांनी यमालाही तारीख देऊन ठेवलीय, असं आम्ही चिडवायचो आणि ते हसायचे.

त्यापायी त्यांनी विडी सोडली, सणावारी येणं सोडलं. आणि बांधाला येणंही सोडलं.

आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. मध्ये मातीचा बांध, तोच आमचा पोशिंदा. भात कापून झालं की घरटी एका माणसाने जाऊन त्याच्यावर चिखल चढवायचा, आणि उधाणात बांध फुटला तर हातातला घास टाकून धावायचं, ही वाडवडलांची रीत. ज्याला जमणार नाही त्याने मजुराचे पैसे द्यायचे. काकांनी हिशेब केला. रजा घेतली की पगार कापतात, मजूर त्याहून स्वस्त. ते पैसे धाडू लागले. त्यांचं बघून गोदीतले, गिरणीतले सगळेच धाडू लागले. पुढे मजूरही मुंबईला गेले आणि पंचांकडे नुसते पैसे साठत राहिले. यंदा तरी या, असा काकूचा दर वर्षी निरोप जायचा. थोडंच राहिलंय, असं काकांचं उत्तर यायचं.

एकोणसाठ सालच्या भादव्यात उधाणाने बांध फोडला. हाक गेली तेव्हा धावून आले ते म्हातारे आणि बायका. राहीकाकू कंबरभर चिखलात उभी राहून घमेली पुढे देत होती. पोटरीत आलेलं भात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाऱ्या पाण्याखाली गेलं.

दिवाळीला काका ट्रंक घेऊन रेवसच्या बोटीतून उतरले. नोकरी सोडली होती, पाच हजार पुरे झाले होते. बांध फुटल्याचं कळलं होतं, पण पैसे टाकून बांधून घेऊ अशा समजुतीत ते होते. शेताच्या जागी त्यांना खाडी दिसली.

"पैसं तं मी दर साल धाडलं," ते म्हणाले.

"धाडलंत," काकू म्हणाली. "पन पैसं चिखलात उभं ऱ्हात न्हाय."

त्यानंतर काका रोज ओहोटीला एकटेच जाऊन बांधावर चिखल टाकायचे. भरती तो धुऊन न्यायची. तांदूळ विकतचा आणावा लागे, आणि पाच हजार आता किती वर्षं पुरतील ते बोटांवर मोजत बसायचे. मला त्यांचा फार राग यायचा. आजही येतो, आणि मग रडू येतं.

चौथ्या पावसाळ्यात बांधावरून भिजून आले, तापाने पडले आणि गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. अर्धेअधिक पैसे पोस्टात तसेच पडून होते.

पुढल्या हिवाळ्यात गावाने बांध पुन्हा घालायचं ठरवलं. पंच काकूकडे आले. तुमच्या घरी आता कोणी नाही, पैसे दिलेत तरी चालेल, असं म्हणाले.

"पैसं न्हाय देनार," काकू म्हणाली. "यंदा या घरचा मानूस येल."

तिने काकांचं घमेलं उचललं आणि पंचांच्या पुढे चालू लागली.