चिकलठाण्याच्या वॉर्डात अडलेली मेंढी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. अख्खी नोकरी नर्स म्हणून केली. मयतं हाताळली, शवागारापर्यंत एकटीने स्ट्रेचर ढकललं. अंगात येतं म्हणून कुणी बाई आणली, की मी आधी तिचं रक्त तपासायला लावायची. या सदरातले अनुभव वाचून तर मी चक्क हसते... संपादकांनी राग मानू नये. पण आता गुडघे गेलेत, घरात बसून असते, आणि एक दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. एकीकडे चिकलठाण्याला कारखान्यांच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या, दुसरीकडे विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे, बंद, मधूनच संचारबंदी. माझा सख्खा भाऊ मोर्चात पुढे असायचा आणि आई त्याच्या काळजीनं दारात बसून राहायची. मी जालना रोडच्या आतल्या बाजूला, कारखान्यांच्या मागे, दारू सोडवण्याच्या एका केंद्रात होते. केंद्र म्हणजे भाड्याचा बंगला — खाली ऑफिस, वर हॉलमध्ये खाटा. पेशंटनं तिथंच राहायचं, नातेवाइकांनी फाटकातूनच परत जायचं.

भिवा तिथं आपल्या पायांनी आला. बाकीच्यांना बायका-भाऊ धरून आणायचे, हा गडी एकटाच पिशवी घेऊन उभा! देवगाव रंगारीकडचा, धनगराच्या घरातला. मेंढरं भावाच्या हवाली करून कारखान्यात लागला होता, आणि शिफ्टबरोबर देशीही लागली होती. बायको गावी होती, दिवस भरत आलेले. आधीच्या खेपेला मूल पायाळू आलं, अडलं आणि गेलं. बायको कशीबशी वाचली. तेव्हा हा बाजारात पिऊन पडला होता.

"सिस्टरबाई, यंदा म्या शुद्धीवर पायजे," तो म्हणाला. "तिला एकटीला नाय सोडायची आता."

बाळंतपणाला अजून थोडा अवकाश आहे, तोवर आपण नीट होऊन घरी जाऊ, असा त्याचा हिशेब होता.

दारू एकदम सुटली की अंग थरथरतं, घाम फुटतो, आणि काहींना भास व्हायला लागतात. त्यातही गंमत अशी की पुष्कळ जण भासातही आपापला धंदाच करतात. आमच्याकडचा एक ड्रायव्हर खाटेवर बसून गिअर टाकायचा, एक शिंपी चादरीला टाके घालायचा. डॉक्टरांचा आम्हाला सक्त नियम होता — पेशंटशी वाद घालायचा नाही आणि त्याच्या भासात सामीलही व्हायचं नाही. 'तुला दिसतंय, मला दिसत नाही,' एवढंच शांतपणे म्हणायचं. फारच झटापट करायला लागला तर हात खाटेला बांधायचे.

त्या दिवशी बंद होता. बस नाही, रिक्षा नाही. मी घरून चालत आले होते. डॉक्टर काही पोचू शकले नाहीत. मी आणि वॉर्डबॉय सलीममामा, दोघंच. भिवा सकाळपासून मेंढरं हाकत होता. दुपारी एकदम उठून खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसला आणि हवेत दोन्ही हात घालून काहीतरी चाचपायला लागला.

"सिस्टरबाई, मेंढी अडली! पाय आलेत म्होरं, डोस्कं आतच हाय!"

"भिवा, तुला दिसतंय, मला दिसत नाही," मी म्हणाले.

"दिसंना का! या हिकडं!"

"अरे क्या हौला हो गया क्या रे? चुप लेट ना," म्हणत मामांनी त्याला वर घेतलं. आम्ही दोघांनी मिळून त्याचे हात बांधले. तसा तो रडायलाच लागला. पायाला हात लावता येईना म्हणून मान वाकवून विनवत होता, "सोडा वो... मरंल ती... लई दमलीय." नाडी धावत होती. मला भीती वाटली. केंद्रात फोन नव्हता. मामांना म्हटलं, शेजारच्या कारखान्याच्या गेटवरून डॉक्टरांना फोन लावा, विचारा आता काय देऊ. मामा धावत गेले.

आणि मग मी नियम मोडला. का, ते विचारू नका. माणूस इतका जीव तोडून रडताना बघवेना, एवढंच. मी त्याचे हात सोडले.

तो परत खाली बसला. आणि त्याचे हात — सकाळी ज्यांना पाण्याचा पेला धरवत नव्हता ते हात — अगदी स्थिर झाले. थरथर साफ गेली. तो हळूहळू काहीतरी फिरवत होता, तोंडानं जनावराला चुचकारत होता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तिचं डोस्कं धरा. लई हलवतीय."

त्याचं समाधान व्हावं म्हणून मी समोर बसले आणि तो म्हणाला तिथं, हवेत, दोन्ही हात धरले.

हाताला डोकं लागलं.

मी शुद्धीत होते. लख्ख ऊन होतं, बाहेर कारखान्याचा भोंगा वाजत होता. माझ्या तळव्यांत गरम, जड, घामानं भिजलेलं डोकं होतं आणि ते मेंढीचं नव्हतं. लोकर नव्हती हो! मधोमध भांग होता, मागे सैल झालेला अंबाडा, आणि डाव्या अंगठ्याला कानातलं टोचत होतं. समोर मात्र फरशीशिवाय काही नव्हतं. विस्तव लागल्यासारखे मी हात मागे घेतले.

"सोडू नगा! धरा!" भिवा एवढ्या जोरात ओरडला, की मी यंत्रासारखे हात परत पुढे केले. ते डोकं तिथंच होतं. ते मागे झुकलं, ताठ झालं, एक मोठा झटका बसला... आणि हात रिकामे.

"झालं," भिवा म्हणाला आणि तिथंच फरशीवर कलंडला. मामा आले तेव्हा तो घोरत होता. मी भिंतीला टेकून बसले होते. मामांना म्हटलं, चक्कर आली. दुसरं काय सांगणार होते?

भिवा शुद्धीवर आला तेव्हा त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रस्ते सुरू झाल्यावर त्याचा भाऊ गूळ घेऊन फाटकाशी आला. म्हणाला, बंदच्या दिवशी पहाटेच वहिनीला कळा लागल्या, आधीच्यासारखंच पायाळू, सुईणीनं हात टेकले होते, पण दुपारी झाला मुलगा. दोघं खुशाल. भिवा फाटकाचे गज धरून ढसाढसा रडला. मी मात्र गूळ तोंडात टाकायलाच विसरले.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. भिवाला नाही, मामांना नाही, घरी आईला नाही.

भिवाला न्यायला त्याची बायको आली, यशोदा. तिला मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. काटकुळी, बाळ पदराखाली. भिवा कपडे घ्यायला वर गेला होता. मी बाळ बघायला हात पुढे केले, तर तिनं बाळ देण्याऐवजी माझे हातच धरले. उलटे-पालटे करून बघितले, नाकाशी नेले. मी नुकतीच इंजेक्शनं देऊन आले होते, हातांना स्पिरिटचा वास येत होता.

"सासू पायाकडं व्हती, सुईण पायाकडं," ती हळू आवाजात म्हणाली. "उशाशी कुणीच नव्हतं. पर माझं डोस्कं कुणीतरी धरलं व्हतं. ह्योच वास."

मी म्हणाले, "अगं, सगळ्या नर्सांच्या हाताला हाच वास असतो."

"असंल," ती म्हणाली. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघत तिनं विचारलं, "पर बाई... मधीच तुमी हात का काढून घेतले वो? तवा मला वाटलं, आता म्या मरती."