दक्षिणेचा कापूस आणि माझी भाकर

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि अख्ख्या मेहकरात माझ्यासारखी सुगरण नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आमचे हे हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्या साली शाळेत पुण्याहून एक बाई आल्या, त्याही इतिहासाच्याच. सोबत त्यांची आई. दोन घरं सोडून बिऱ्हाड केलं. संध्याकाळी बाई आमच्या ओसरीवर यायच्या आणि दोघं मिळून धडा तयार करायचे. दोघांनी मिळून करायला धडा म्हणजे काय पापड आहेत?

माझ्याशी "मले चहा दे" म्हणणारा माणूस बाई दिसल्या की "मला वाटतं" असं सुरू करायचा. त्या 'मला'नं माझा जो तिळपापड व्हायचा, त्यावर भाकर भाजून निघाली असती.

एकदा धडा निघाला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. मी चुलीपुढे, कान ओसरीवर.

"दक्षिणेकडची राज्यं लढली कशासाठी?" ह्यांनी विचारलं.

"गुलाम ठेवण्यासाठी," बाई म्हणाल्या. "राज्यांचे हक्क वगैरे सगळं बोलायला. माणसं विकत घ्यायची आणि त्यांच्याकडून कापूस पिकवून घ्यायचा, हे सुटत नव्हतं त्यांना."

"अगदी बरोबर!"

मला ह्यांनी कधी 'अगदी बरोबर' म्हटलं नव्हतं. बाई लढाईतल्या उत्तरेच्या बाजूनं, म्हणून मी तिथल्या तिथं दक्षिणेची झाले. गुलामांचा विचार डोक्यात आलाच नाही. डोक्यात बाईंची वेणी होती.

हे पुढे सांगत होते. दक्षिणेनं आपला कापूस अडवून धरला. त्याच्यावाचून विलायतेच्या गिरण्या बंद पडतील, मग इंग्रज धावत मदतीला येईल, असा त्यांचा हिशेब.

वा! हा हिशेब नक्की कोण्या बाईनंच काढला असणार, मी मनात म्हटलं. तेवढ्यात ओसरीवर दोघं कशाला तरी हसले. मी पातेलं आपटलं आणि चहाच्या निमित्तानं मधे जाऊन उभी राहिले. धडा मोडला. पुढचं ऐकायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात ट्रंक भरली.

"काऊन? कुठं जाऊन राह्यली?"

"माहेरी. नांदुऱ्याले."

"परत कधी येशील?"

"न्याले याल तवा."

माझ्या भाकरीवाचून किती दिवस काढता, बघतेच!

नांदुऱ्यात मी दारातच बसून असायची. माय टोमणे मारी, "जावई येऊन नाही राह्यले, अन् पोरगी दार सोडून नाही राह्यली." बाबांची कापसाची अडत होती. एका संध्याकाळी मी शहाणपणा मिरवत त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. ते हसायलाच लागले.

"अवं, त्या लढाईत इंग्रज आपल्या वऱ्हाडात आला. इथूनच कापूस नेला त्यानं. माह्या आज्याच्या वक्ती लोकायनं बैलायच्या शिंगायले चांदी चढवली म्हणत."

"अन् दक्षिणवाले?"

"बसले वाट पाहत."

मी उठून ट्रंक ओढली. ह्यांचं वऱ्हाड तर दोन घरं सोडून राहत होतं, आईसकट!

सकाळच्या पहिल्या बसनं निघाले. घरी पोचले तर हे पाटावर, समोर उघडा डबा.

"आली? रविवारी येणारच होतो न्याले."

"डबा कोणाचा?"

"बाईच्या आईनं धाडला. रोजच धाडतात. बस, जेव."

सकाळपासून उपाशी होते. बसले. भांडण कुठून सुरू करावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "ते दक्षिणवाले हरले काऊन?"

ह्यांनी घास हातातच धरला. "तुले काऊन पाह्यजे?"

"सांगा तं."

"माणसं कमी, कारखाने कमी. कापसावाचून जगाचं अडते असं वाटलं, ते काही अडलं नाही. अन् ज्यायनं कापूस पिकवला ते गुलाम संधी भेटली तसे पळाले, समोरच्या फौजेत जाऊन लढले. दक्षिणवाल्यायले कोण वाचवन मग?"

मी मान डोलावली आणि आमटी वाढून घेतली. चिंचगुळाची, गोडसर. नावं ठेवायला तोंड उघडलं, पण आमटी चांगली होती. दुसऱ्यांदा घेतली. आता नातवंडं मोठी झाली, तरी कोणी तशी आमटी वाढली की माझा जळफळाट होतो, आणि वाटी मी पुसून खाते.